पंचांच्या ताटातला भंडारा

नगरच्या कॉलेजात मी समाजशास्त्र शिकत होतो तेव्हाची गोष्ट. मोठ्या दुष्काळाच्या आधीची. सरांनी शिकवलं होतं, जुन्या समाजात कायदा म्हणजे सगळ्यांचा मिळून राग. एकानं रीत मोडली की साऱ्यांचं मन दुखावतं, म्हणून शिक्षा. मला ते लई पटलेलं. वा, काय डोकं आहे, असं वाटायचं!

सुट्टीत घरी आलो तर वेगळंच चाललेलं. थोरली बहीण सासरचा मार खाऊन माहेरी आली होती आणि तिनं नगरच्या कोर्टात पोटगीचा दावा लावला होता. जातीतलं भांडण कोर्टात नेलं म्हणून पंचांनी आम्हाला देवळापुढं बोलावलं. दावा मागं घे, नाहीतर वाळीत टाकतो, म्हणाले.

"न्हाई घेणार," ती म्हणाली.

झालं! आमच्याकडं रीत अशी, की खंडोबाच्या भंडाऱ्याचं ताट फिरवायचं. घरटी एका कर्त्यानं चिमूटभर हळद उचलून कपाळाला लावायची, म्हणजे निवाडा मान्य. जो लावणार नाही त्याचं घरही वाळीत. मग विहिरीवर पाणी नाही, मयताला खांदा नाही.

ताट फिरू लागलं. मी रागावलेले चेहरे शोधत होतो. अहो, एकही नव्हता! चुलत्यांनी शेजाऱ्याकडं बघून लावला, शेजाऱ्यानं चुलत्यांकडं बघून. सगळे माझ्याइतकेच भ्यालेले. सरांनी आणखी एका पंडिताचं मत सांगितलं होतं: ज्याच्यामागं सक्ती करायला माणसं उभी असतात, तो कायदा. ते मी परीक्षेपुरतं घोकलं होतं. ती माणसं आमच्याच भावकीतली असतील हे कुठं ठाऊक होतं?

ताट वडिलांपुढं आलं. लावला तर लेक गेली, न लावला तर धाकट्या दोघींची लग्नं व्हायची नाहीत. त्यांचा हात उठेना.

"काय ते लवकर करा," पंच म्हणाले.

तेवढ्यात बहीणच पुढं आली. तिनं चिमटीत भंडारा घेतला आणि वडिलांच्या कपाळाला स्वतः लावला.

"आबा, तुमी भिऊ नगा. दावा मी चालवीन."

घरात जाऊन तिनं कपड्यांचं गाठोडं उचललं आणि एस.टी.च्या रस्त्याला लागली. कुणी हाक मारली नाही.

वडील ओट्यावर येऊन बसले. ऊन रणरणत होतं, घाम डोळ्यांत उतरत होता. तो पुसायला ते हात कपाळापर्यंत न्यायचे आणि तसाच खाली आणायचे. भंडारा पुसला गेला आणि कुणी पाहिलं तर?