खाली आण, म्हणालो होतो

माझी मुलगी विमान चालवायला शिकते, हे गावात अभिमानाने सांगायचो आणि घरी धास्तावून बसायचो. ती एकटी उडू लागली तेव्हा माझा धीर सुटला. देऊळघाटच्या देवळात देवीपुढे उभा राहिलो, ओटीचा नवस बोललो, "माय, माह्या पोरीले खाली आण." तिने हे शिक्षण सोडावे, एवढेच मनात होते. ते बोलायची लाज वाटली.

आठवडाही झाला नसेल, तिच्या प्रशिक्षकांचा फोन आला. उतरताना विमान उसळले, पुढचे चाक मोडून धावपट्टीबाहेर घसरले. तिला दवाखान्यात नेले होते. पुढचे ऐकूच आले नाही. देवीने माझा शब्द जसाच्या तसा धरला, असेच वाटले. पोरीला मीच पाडले.

चिखलीला पोचलो तर ती शिकत होती त्या गावची एस.टी. निघून गेलेली. स्टँडबाहेर एका जीपवाल्याने विचारले, "काका, काऊन रडून राह्यले?" अनोळखी माणूस, तरी नवसासकट सगळे सांगून टाकले. तो हसलाच.

"देवी काय तुमची नोकर हाये का हो? तुमी म्हनान अन् ते लगेच इमान पाडन? बसा, मी तिकडंच चाल्लो."

खरेच त्याला त्याच गावी जायचे होते. वाटेत तो रस्त्यावर नजर ठेवून जीप दामटत होता. मी मात्र दवाखान्यापर्यंत देवीची माफी मागत होतो.

मुलगी जिवंत होती. हाताला प्लास्टर, कपाळाला टाके. "बाबा, वेग जास्त ठेवला म्या. इमानाचं नाक आधी टेकलं." मग भिंतीकडे तोंड करून हळूच म्हणाली, "सोडून देऊ का हे?"

ज्यासाठी नवस केला तेच समोर आले होते. हो म्हणायला तोंड उघडले आणि तिने चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली. तिला तिची भीती पुरेशी होती, वर माझी कशाला?

नवसाचे तिला सांगितले. म्हणालो, "माह्या भेवानं सोडू नोको. तुह्या मनानं काय ते ठरव."

तिने तोंड माझ्याकडे वळवले. मग म्हणाली, "तुमी बी ना, बाबा! मले न इचारताच नवस?"

हात बरा झाल्यावर ती पुन्हा उडाली. त्या दिवशी मी विमानतळाच्या कुंपणापाशी उभा होतो. तो जीपवाला आठवला, त्याचे नावही विचारले नव्हते. त्याच्या रूपाने देवीनेच मला सावरले, असे मी मानतो. विमान वळून धावपट्टीकडे येऊ लागले. हात जोडलेले होते, पण मागावे असे काही सुचेना. पोर देवीच्या हवाली होती. मी फक्त डोळे उघडे ठेवले.