घारीच्या उंचीवर

बांधकामाच्या जागेवरच्या सॅम्पल फ्लॅटच्या दाराशी चपलांचा ढीग होता. जिथे कुणीच राहत नाही त्या घरात शिरतानाही माणसं चपला काढत होती. आम्हीही काढल्या. आत टेबलावर प्लास्टिकची सफरचंदं आणि भिंतीवर कुठल्याशा कुटुंबाचा हसरा फोटो.

"पण आमचा फ्लॅट कुठे?" बायकोनं विचारलं.

फ्लॅट दाखवणाऱ्या मुलीनं आम्हाला बाहेर आणून रिकाम्या आभाळाकडे बोट केलं. "काकू, ती घार फिरतेय ना, तिथे तुमचा हॉल."

आम्ही बघतच राहिलो. पूर्वी घर घ्यायचं म्हणजे पायाखालची जमीन बघायचे. आता मान वर करून हवेचा एक तुकडा पसंत करायचा. घार आमच्या हॉलमधून संथपणे स्वयंपाकघरात गेली, वळली, पुन्हा हॉलमध्ये आली. तिला कुणीच काही सांगितलेलं नव्हतं.

"आणि हे खालचं घर कुणाला मिळतं?"

"कुणालाच नाही, काकू. टॉवर झाला की हे पाडतात."

बायको चपला काढून पुन्हा आत गेली, स्वयंपाकघरातला दिवा बंद केला आणि मगच तिनं चपला घातल्या.