उतरायचं कसं, ते सांगा

गाडी शेडसमोर थांबली की मिस्त्री आधी मालकाकडे बघायचाच नाही. चाकाजवळ उकिडवा बसायचा, टायर आणि मडगार्डच्या मधल्या फटीत वीत घालायचा, हात मांडीला पुसायचा आणि मग मान वर करून विचारायचा, "चढायचं ऱ्हाऊ द्या. उतरायचं कसं, ते सांगा."

समोरचा माणूस गोंधळायचा. तो पुण्याहून किंवा मुंबईहून जीप उंच करून घ्यायला आलेला असायचा. ताठ स्प्रिंगा आणि लांब शॉकअप घालून गाडीचं धूड चार इंच वर उचलायचं, खाली मोठे टायर लावायचे आणि डोंगर चढायचे, असा बेत असायचा. उतरण्याचा विचार त्यानं केलेला नसायचा, कारण उतरताना कोणी फोटो काढत नाही.

तुम्हीही ह्या गाड्या पाहिल्या असतील. शनिवारी सकाळी जुन्या हायवेवरून सोमाटण्याच्या पुढे सरकत असतात. टपावर फावडं, कुऱ्हाड, डिझेलचा डबा. जणू लोणावळ्यापलीकडे मनुष्यवस्तीच नाही. फावड्यावरचं किमतीचं लेबलही निघालेलं नसतं. माझं स्पेअर पार्टचं दुकान कान्हे फाट्याजवळ, मिस्त्रीच्या शेडला लागून. त्यामुळे ही वरात मी बरीच वर्षं खुर्चीत बसून पाहिली आणि तिच्या जिवावर पोटही भरलं.

एकाला मिस्त्रीनं विचारलं, "उंच कशापायी कराची?"

"रोड प्रेझेन्स पाहिजे."

"मंजी?"

"म्हणजे रस्त्यावर लोकांनी वळून बघितलं पाहिजे."

"मग भोंगा बशिवा की. स्वस्तात काम हुईल."

गिऱ्हाईक असं हाकलायची त्याला हौसच होती. त्याची एक अटही होती. काम घेण्याआधी घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस त्या गाडीत बसवून दाखवायचं. तळेगावच्या एका इंजिनीयरनं कुरकुरत आईला आणलं. म्हातारीनं दाराजवळचा दांडा धरला, पाय उचलला, पुन्हा खाली ठेवला आणि ओशाळून हसली. मिस्त्रीनं क्रेट उपडा घातला, त्यावर आपला टॉवेल अंथरला. "मावशी, हितं पाय द्या. घाई न्हाई." ती बसल्यावर मुलाला म्हणाला, "अजून चार इंच कराची आन् आईला शिडी लावाची व्हय? जा घिऊन." इंजिनीयर फणकाऱ्यानं निघून गेला. म्हातारीनं मात्र काचेतून हात केला.

काम घेतलं की मात्र त्याचा हात बघावा. इतर गॅरेजांत गाडी हवेत लटकलेली असतानाच सगळे बोल्ट करकचून आवळतात आणि मोकळे होतात. मिस्त्री ते हातानं नुसते लावून ठेवायचा, गाडी चाकांवर उतरवायचा, चार कोपऱ्यांवर दाबून हलवायचा आणि मग पुन्हा तिच्याखाली सरपटत जाऊन ते पक्के आवळायचा. "हवेत आवळलं की रबर पिळून ऱ्हातं आन् तितंच फाटतं," तो म्हणायचा. "गाडीला आधी आपल्या पायावर उभं ऱ्हाऊ द्या." मालक घड्याळ बघत येरझाऱ्या घालायचे. मिस्त्रीला घड्याळाचं काही नव्हतं.

पवनेच्या काठावर बंगला असलेले एक साहेब होते. डोक्यावर शिकाऱ्याची टोपी घालून दूध आणायला जाणारे. माझ्याकडून ते दिवे, हुक, दोरखंड असं काय काय न्यायचे, म्हणून मी त्यांच्यापुढे जरा जास्तच वाकत असे. त्यांची जीप मिस्त्रीनं चार इंच उचलली. पण गाडी वर गेली तरी ब्रेकच्या रबरी पाइप होत्या तेवढ्याच राहिल्या. चाक खड्ड्यात लोंबलं की त्या ताणणार, फाटणार, आणि ब्रेक जाणार. मिस्त्रीनं सोमवारीच मला लांब पाइप मागवायला सांगितलं होतं. मी विसरलो. शुक्रवारी त्यानं विचारल्यावर पुण्याला फोन केला, तेव्हा रविवारी सकाळी मिळतील असं कळलं.

साहेबांना तर रविवारीच जीपवाल्यांच्या टोळीबरोबर पठारावर जायचं होतं. मिस्त्रीनं किल्ली खिशात घातली. "पाइप आल्याबिगार गाडी मिळनार न्हाई."

साहेब तरातरा माझ्या दुकानात आले. "हा माणूस म्हणतो ते खरंय का हो?"

मला माझा विसराळूपणा झाकायचा होता आणि गिऱ्हाईकही राखायचं होतं. मी म्हणालो, "जुन्या पाइप पुरतात हो साहेब. मिस्त्री उगाच घोळ घालतो."

शनिवारी मिस्त्री घरी जेवायला गेला असताना साहेबांनी घरातली दुसरी किल्ली आणली आणि गाडी नेली.

रविवारी पाइप आल्या. मिस्त्रीनं मला स्कूटरवर मागे बसवलं, माझ्या मांडीवर हत्यारांची पिशवी ठेवली आणि आम्ही पठार गाठलं. दहा-बारा गाड्या, चटया, डबे, गाणी. साहेबांची बायको आणि दोन मुली जीपमध्ये बसलेल्या होत्या. समोर ओढ्यापर्यंत सरळ उतार होता. साहेब गाडी सोडणार तेवढ्यात मिस्त्रीनं खिडकीतून हात घालून किल्ली काढून घेतली.

एकच गलका झाला. साहेब ओरडले, "स्पेअरवाल्यानं स्वतः सांगितलंय चालतं म्हणून! हा काय उभा आहे, विचारा त्याला!"

सगळे माझ्याकडे वळले. मिस्त्रीही. तुमच्यापासून काय लपवू? मी म्हणालो, "तशी... चालून जाते बऱ्याचदा."

मिस्त्रीनं माझ्या हातातली हत्यारांची पिशवी घेतली. मग तो गाडीखाली शिरला.

भोवती मोबाइल वर झाले. कोणी म्हणालं, पोलिसांना बोलवा. कोणी म्हणालं, प्यायलाय. खालून मिस्त्रीचा हात बाहेर आला, त्यात जुनी पाइप होती. मी ती घेतली. सांध्याजवळ नख शिरेल एवढी चीर पडली होती आणि माझी बोटं ब्रेक ऑइलनं ओली झाली. बाकी कोणी वाकून बघितलं नाही. मीही ती कोणाला दाखवली नाही.

"दुकानदार, वर बसा. पाय द्या."

नवी पाइप घातली की ब्रेकमधली हवा काढावी लागते आणि त्याला दोन माणसं लागतात. एक चाकाशी, एक पेडलवर. "दाबा. धरा. सोडा." तासभर तो मला एवढे तीनच शब्द बोलला. मी दाबत होतो, धरत होतो, सोडत होतो, आणि लोक माझंसुद्धा शूटिंग करत होते.

काम झाल्यावर त्यानं दोन्ही किल्ल्या साहेबांच्या हातात दिल्या. "आता उतरा."

साहेब उतरले, ओढ्यापर्यंत, झोकात. काहीच झालं नाही. आणि काहीच झालं नाही म्हणून सगळ्यांचं एकमत झालं, की काही होणारच नव्हतं.

व्हिडिओ चार दिवस फिरला. बायकापोरी बसलेल्या गाडीची किल्ली हिसकावणारा माथेफिरू मेकॅनिक. उंच गाडीवाले त्याच्या शेडकडे यायचे थांबले. पुढे तो दुधाचे टेम्पो आणि भाजीचे पिकअप दुरुस्त करत राहिला. मी एक शब्द बोललो असतो तर पुरलं असतं. रोज ठरवायचो, उद्या बोलू. इतरांना हसणारा मी, त्या टोपीवाल्यापेक्षा भित्रा निघालो.

मिस्त्रीनं मला कधी विचारलं नाही. त्याच रविवारी संध्याकाळी त्यानं ती फाटकी पाइप माझ्या दुकानातल्या खिळ्याला अडकवली, "ऱ्हाऊ द्या हितं," म्हणाला आणि पाना मागून घेऊन गेला. त्यानंतरही सामान माझ्याकडूनच न्यायचा.

गेल्या दिवाळीनंतर मिस्त्री गेला. झोपेतच गेला, असं त्याच्या बायकोनं सांगितलं. शेडला कुलूप आहे.

परवा साहेब नवी जीप घेऊन आले. टोपी तीच. "तो येडा कुठंय हो तुमचा? त्याच्यासारखं काम कोणी करत नाही. ही पण चार इंच उचलायचीय."

मी खिळ्यावरची पाइप काढून काउंटरवर ठेवली.

त्यांनी ती उलटीपालटी केली. "ही जुनी आहे. नवी दाखवा ना."

तेव्हा मी बोललो. सोमवारी विसरल्यापासून ओल्या बोटांपर्यंत, पठारावर बोलायचं होतं ते सगळं. शेवटी म्हणालो की मिस्त्री आता नाही. साहेबांनी टोपी काढली. त्या चिरेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "अहो, मग तेव्हाच बोलायचं नाही का!"

हे वाक्य मला मिस्त्रीनं ऐकवायला हवं होतं. शेजारी इतकी वर्षं काढली, पण तो कधी म्हणाला नाही.