किंचित चढा सूर

१९६४ सालच्या एका मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी जयसिंगराव बळेपेट या कानडी बाजारपेठेतल्या रेडिओच्या दुकानात विजेच्या ऑर्गनचे सूर लावत बसले होते. रेडिओचे व्हॉल्व्ह, म्हणजे तापल्यावर चालणाऱ्या काचेच्या नळ्या, वापरून हे वाद्य त्यांनीच बनवलं होतं. एक पट्टी दाबली की दोन व्हॉल्व्हचे दोन सूर एकदम निघत. पत्नी चंद्राबाईंचे तेरा दिवस उरकून ते आदल्या दिवशीच कामावर आले होते. कान देऊन ऐकणं नको वाटलं, म्हणून दोन सुरांतला फरक दाखवणाऱ्या मीटरचा काटा शून्यावर आणत त्यांनी प्रत्येक पट्टीचे दोन्ही सूर तंतोतंत एक केले होते.

मालक मल्लाप्पांनी एक पट्टी दाबून पाहिली.

"अण्णा, हे वाद्य आहे की गिरणीचा भोंगा?"

"मीटरवर बरोबर आहे."

"नाटक कंपनीवाले मीटर बघणार नाहीत. शनिवारी न्यायला येतायत. तुम्हाला जमत नसेल तर सांगा, काम दुसऱ्याला देतो."

जयसिंगरावांनी मीटर बंद केला आणि दुसऱ्या सुराचा स्क्रू जरासा पिळला. तो सूर किंचित चढला, दोन्ही सुरांमध्ये संथ लाट उठली आणि आवाज खोलीभर पसरला. पूर्वी अशा वेळी त्यांचं अंग शहारायचं. आज त्यांनी घड्याळ समोर धरून लाटा मोजल्या. सेकंदाला दोन होत्या.

"सरी, बरोबर! आता आवाज भरला," मल्लाप्पा म्हणाले. "असंच करा सगळं."

संध्याकाळपर्यंत एकोणपन्नासपैकी अकरा पट्ट्या झाल्या. दुकान उद्या साडेआठला उघडेल. व्हॉल्व्ह तापायला अर्धा तास लागतो, म्हणून बारावी पट्टी नऊ वाजता.