ड्रायव्हर पाहिजे

भावाचा फोन आला तेव्हा मी टेबलाखाली गुडघ्यांवर बसून कॉम्प्युटरच्या मागची नेटची वायर काढत आणि परत खुपसत होते. तो जर्मनीहून रविवारीच फोन करतो. मधल्या वारी फोन वाजला म्हणजे काहीतरी बिनसलेलं असतं.

"ताई, झालं का नेट सुरू?"

"होतंय."

"होतंय म्हणजे झालं नाही," तो म्हणाला. "हे बघ, रविवारी बारसं आहे. सगळ्यांना सांगून झालंय. तुला नाहीच जमलं तर इथे आमच्या ओळखीची एक पुण्याची बाई आहे, ती आत्या व्हायला तयार आहे. तू उगाच ताण घेऊ नकोस."

आत्या व्हायला तयार आहे! जशी काही जागा रिकामी होती आणि अर्ज मागवले होते. मी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि टेबलाखालून बाहेर येताना डोकं आपटून घेतलं.

आम्ही दोघंच. आईवडील गेले, तो तिकडे गेला, मी लग्न केलं नाही, आणि कळंब्यातल्या या दोन खोल्यांत मी पत्रिका जुळवत बसते. लग्नाच्या, वास्तुशांतीच्या, बारशाच्या. लोक मजकूर आणून देतात, मी तो टाइप करून, नक्षीत बसवून छापखान्याकडे पाठवते. बारशाच्या पत्रिकेत खाली आत्याचं नाव घालायची पद्धत आहे. कुणाकुणाच्या आत्या मी आजवर ठळक टायपात बसवल्या आहेत. आणि भावाला लग्नानंतर इतक्या वर्षांनी मुलगी झाली तेव्हा माझी पाळी आली होती.

बेत साधा होता. पाळण्याशी वाकून आत्यानं ‘कुर्रर्र’ करायचं, बाळाच्या कानात नाव सांगायचं आणि मागच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ही आपली रीत. मी तिकडे जाऊ शकत नव्हते. म्हणून भाऊ बाळाच्या कानाशी स्पीकर धरणार आणि मी इथून, माझ्या खुर्चीतून, नाव सांगणार. नाव मीच निवडलं होतं. ते भावाला आणि त्याच्या बायकोलाही आधी सांगणार नाही असं मी बजावलं होतं आणि त्यांनी ते मानलं होतं.

आणि नेमकी त्याच आठवड्यात कॉम्प्युटरची डिस्क गेली. दुरुस्तीवाल्यानं नवी बसवली, विंडोज भरली, मशीन घरी आणून दिलं आणि तो गेला. सगळं सुरू झालं, नेट तेवढं नाही. वायर ठीक, पलीकडची नेटची पेटी ठीक, पण वायर जिथे कॉम्प्युटरच्या पाठीत शिरते तिथला हिरवा दिवा मेलेला. मी नेटवाल्याला फोन केला. त्यानं दोन-चार ठिकाणी क्लिक करायला लावलं आणि निदान सांगितलं.

"मॅडम, तुमच्या मशीनला लॅनचा ड्रायव्हर न्हाय."

ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरला त्याचाच एखादा भाग कसा चालवायचा हे शिकवणारा छोटा प्रोग्रॅम. नेटची वायर पकडणारा भाग होता, पण त्याला चालवायचं कसं हे नव्या डिस्कला ठाऊक नव्हतं.

"मग काय करू?"

"नेटवरनं डाउनलोड करा की."

"अहो, नेटच नाही म्हणून तर तुम्हाला फोन केला!"

"व्हय की," तो म्हणाला, आणि त्याला दुसरा फोन आला.

स्मार्टफोन असता तर हा सगळा खटाटोप वाचला असता, हे मला कळतं. माझा फोन बटणांचा आहे; त्यावरून आवाज जाईल, पण पाळणा दिसणार नाही. दिवसभर एका स्क्रीनपुढे बसल्यावर तळहातावर दुसरी कुणाला हवी? भावानं त्यावरून माझं डोकं खाल्लं आहे, आणि त्यानं खाल्लं म्हणूनच मी घेतला नाही, हा माझा स्वभाव. शेजारणीकडे मागता आला असता. पण भाचीचं नाव उसन्या फोनवर सांगायचं? आणि मी कुणाकडे काही मागत नाही. मागायची सवय मोडली की पुन्हा लागत नाही.

पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकून मी बसनं गावात गेले. एका झेरॉक्सच्या दुकानात कोपऱ्यात कॉम्प्युटर होता, तिथे बसून माझ्या मशीनच्या कंपनीचं नाव घातलं, पहिला जो ड्रायव्हर दिसला तो उतरवून घेतला आणि विजयी मुद्रेनं घरी आले. फाइल उघडली. थोडा वेळ निळी रेघ सरकली आणि खिडकी आली: पुढे जाण्यासाठी कृपया इंटरनेट जोडा.

मी आणलं होतं ते नुसतं बोलावणं होतं. खरा ड्रायव्हर ते नेटवरून आणणार होतं. मी मोठ्यानं हसले. घरात दुसरं कुणी नसलं की मोठ्यानं हसणं लगेच थांबतं.

मग मात्र माझं टाळकं सटकलं. दुरुस्तीवाल्याला फोन लावला आणि खिडकीत उभी राहून त्याला धुतला. आमच्याकडे साधं बोलणंसुद्धा चार घरांना ऐकू जातं, हे तर भांडण होतं. "ड्रायव्हर नाही, ड्रायव्हर! जुना गेला तो गेलाच! रविवारच्या आत मला ड्रायव्हर पाहिजे, नाहीतर माझं सगळं बसलंय इथं!" तो म्हणाला, सोमवारी येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक वाजलं. बाहेर पन्नाशीचा एक माणूस उभा होता, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, पायात जाड चपला.

"ताई, गाडी कुठं हाय?"

"कसली गाडी?"

"शिरोळास्नं आलोय. ड्रायव्हर पायजे म्हणून निरोप हुता. ट्रॅक्टर आसू दे न्हायतर फोरव्हीलर, दोन्हीचं लायसन हाय."

मी काही बोलायच्या आत कुंपणाच्या भिंतीवरून शेजारच्या वहिनींचं डोकं वर आलं. या वहिनी जैनांच्या घरातल्या, माहेर शिरोळकडचं, तिथे भावाचा ऊस आहे. मला त्या अक्का म्हणतात. इतक्या वर्षांत आमचं बोलणं पाणी आलं का आणि पाणी गेलं का यापुढे फारसं गेलेलं नव्हतं.

"मीच बोलावला की, अक्का! काल वरडत हुता न्हवं, ड्रायव्हर गेला, सगळं बसलंय म्हणून? म्हटलं, एकटी बाई, रविवारी कुठंतरी जायाचं आसंल. भावाच्या ट्रॅक्टरवर आसतोय ह्यो. कारखान्याला ऊस घालायची पाळी उद्या हाय, आज मोकळा हुता, मग मी लावला फोन."

मी कपाळाला हात लावला. "अहो वहिनी, कॉम्प्युटरचा ड्रायव्हर!"

"कॉम्प्युटरला बी लागतोय?"

"लागतो. आत असतो तो. दिसत नाही."

त्या माणसानं यावर नीट विचार केला. "आन् सोडून गेला व्हय? ऊस तोडीच्या दिवसांत आसंच करत्यात सगळी."

वहिनी भिंतीपलीकडे हसून हसून खाली बसल्या. मीही हसले. त्याला चहा केला, तो ओट्यावर बसून प्यायला आणि "मिळंल वो, दुसरा मिळंल" असा मला धीर देऊन शिरोळला परत गेला. इतक्या लांबून आलेला माणूस हात हलवत परत गेला आणि तरी चिडला नाही.

"मग रविवारी जायाचं कुठं हुतं?" वहिनींनी विचारलं.

"कुठं नाही. भावाच्या मुलीचं बारसं आहे जर्मनीत. मी इथून नाव सांगणार आहे, कॉम्प्युटरवरून."

"इथनं? पाळण्याला हात बी न लावता?"

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या आणि बादली उचलून आत गेल्या.

ते "बरं" मला लागलं. दार लावून मी स्वयंपाकघरात आले, त्याचा आणि माझा कप विसळायला घेतला, आणि विसळतानाच लक्षात आलं की या घरात दोन कप एकदम विसळून मला किती काळ झाला. कुणीतरी माझ्यासाठी कुणालातरी पाठवलं होतं. चुकीचा माणूस पाठवला होता, पण पाठवला होता. मी तिथेच नळ चालू ठेवून रडले. त्या रडण्याला काही अर्थ नव्हता, पण रडले.

मग डोळे पुसून मशीनपुढे बसले, कारण पुण्याची बाई तिकडे नेसायची साडी कपाटातून काढून बसली असणार. आमच्या घरात, इकडच्या बोलीप्रमाणे, बायकासुद्धा ‘मी आलो, मी जातो’ म्हणत वाढल्या; पत्रिका टाइप करून करून माझं तेवढं पुस्तकी झालं. त्या घरातल्या पोरीच्या कानात पहिलं मराठी पुण्याचं जाणार, हे मला झोंबत होतं. कॉम्प्युटरच्या सगळ्या भागांची यादी दाखवणारी एक खिडकी असते. तिथे नेटच्या भागापुढे पिवळं उद्गारचिन्ह होतं. त्याच्या पोटात शिरत शिरत गेले तेव्हा त्या भागाचा स्वतःचा नंबर सापडला. इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक माळ. मशीनच्या कंपनीशी त्याचा काही संबंध नव्हता. आतला तो तुकडा भलत्याच कंपनीचा होता. म्हणजे मी बाहेरच्या पाटीवरचं नाव बघून शोधत होते. बारशाच्या एका वाया गेलेल्या पत्रिकेच्या मागे मी तो नंबर उतरवला, दोनदा ताडून पाहिला आणि पुन्हा बस धरली.

झेरॉक्सवाल्यानं या वेळी खुर्ची आधीच पुढे सरकवली. नंबर घातला तसा नेमका ड्रायव्हर समोर आला. मी बोलावणं नको, अख्खा माणूसच हवा म्हणून मोठी गाठोड्यासारखी फाइल उतरवली. घरी येऊन ती सोडवली, कॉम्प्युटरला म्हटलं, या फोल्डरमध्ये शोध. तो शोधत राहिला. मी खुर्चीवरून उतरून पुन्हा टेबलाखाली गेले आणि वायरीच्या तोंडाशी डोळा लावून बसले.

हिरवा दिवा लागला. त्याच्या शेजारी नारिंगी लुकलुकायला लागला.

"लागला!" मी टेबलाखालून ओरडले. आणि मग तिथेच बसून राहिले, कारण ऐकायला कुणी नव्हतं. भावाला फोन केला. तो कामात होता. "झालं का? छान, छान. नंतर बोलतो, ताई." त्याचं चुकलं नाही. पण आनंदाच्या बाबतीत एकटं असणं हे दुःखाच्या बाबतीत एकटं असण्यापेक्षा जड जातं, हे मला त्या दिवशी कळलं. दुःख काय, निस्तरता येतं.

रविवारी दुपारी मी नारळी काठाची साडी नेसून, केसात गजरा माळून खुर्चीत बसले. पडद्यावर तिकडची खोली आली. माणसं, फुगे, कोपऱ्यात ती पुण्याची बाई; चांगली हसरी होती, मला उगाच राग आला होता. भावानं लॅपटॉप पाळण्याशी नेला. मुलगी जागी होती. तिच्या कानाशी त्यानं छोटा स्पीकर धरला आणि मला खूण केली.

मी माइकशी वाकले. ‘कुर्रर्र’ केलं. हळू आवाजात नाव सांगितलं. मुलीनं मान वळवली, आवाज कुठून आला ते शोधत राहिली. तिकडे टाळ्या झाल्या. आणि मी, काही न ठरवता, पाठ गोल करून, खांदे आवळून तशीच वाकून राहिले. आत्या राहते तशी. धपाट्यांची वाट बघत.

मग मला समजलं की मी कशाची वाट बघतेय. लाज वाटली. पडद्यावर सगळे हसत होते, आणि मी रिकाम्या खोलीत पाठ पुढे करून बसले होते.

धप्पकन पाठीत बसला. असा सणसणीत, की माइक कलंडला.

वहिनी मागे उभ्या होत्या, एका हातात घुगऱ्यांचं पातेलं. दार नुसतं लोटलेलं होतं. "बारसं हाय आन् घरात घुगऱ्या न्हाईत व्हय?" असं म्हणत त्यांनी दुसरा घातला. "आन् आत्याच्या पाठीत कोण घालणार? त्या जर्मनीच्या बायका?" तिसरा घातला. पडद्यावर भाऊ खो खो हसत होता आणि डोळे पुसत होता. मी कलंडलेला माइक सरळ केला.

"लई लागलं व्हय गं?" वहिनी वाकून बघत म्हणाल्या.

मी मान हलवली. लागलं म्हणून की नाही म्हणून, ते मलाही माहीत नाही.

"नाव काय ठिवलंस?"

मी वहिनींच्या कानात सांगितलं. कानात सांगायची गोष्ट आहे, म्हणून इथे लिहीत नाही.

घुगऱ्या खाऊन, पाळण्यातल्या पोरीची पडद्यावरून दृष्ट काढून वहिनी घरी गेल्या. कॉल संपला. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला तेव्हाही पाठ चुरचुरत होती. मग मी खुर्चीत बसले, पण किती तरी वेळ पाठ टेकली नाही.