रिद्धीची तार

हसणार नसाल तर सांगते. आणि हसणारच असाल, तर हातातला चहा आधी खाली ठेवा. मागे एकाने माझ्याच साडीवर सांडला होता.

मी वेडेवाकडे दात सरळ करणारी डॉक्टर. दवाखाना डहाणूला स्टेशनजवळ, आणि गुरुवारी तलासरीला. काही वर्षांपूर्वी मी हौसेने एक सॉफ्टवेअर घेतलं. काय त्याचं कौतुक सांगू! पेशंटच्या दातांचं माप घातलं की पडद्यावर आख्खी बत्तिशी गोल फिरायची. कुठला दात कुठून कुठे सरकणार, ते डोळ्यांना दिसायचं. त्या मापाबरहुकूम मुंबईच्या लॅबमधून तार वाकवून यायची. ती आली की मी कॉम्प्युटरवर एक टिचकी मारायची, आणि पेशंटच्या घरी आपोआप मराठीत मेसेज जायचा.

माझ्या दवाखान्याचा कारभार बघतात आशागडच्या कुंदाताई. त्यांची एक जाडजूड वही होती. कोण कुठल्या गावचं, कोणाला कधी फोन करायचा, सगळं त्यात.

"आता या वहीला पेन्शनीत काढा," मी म्हटलं. वही गुपचूप खणात गेली.

मेसेज लांब झाला की त्याचं शेपूट कापलं जायचं, आणि शेपटात तर दवाखान्याचा फोन नंबर. म्हणून मी 'दातांची तार आली आहे' यातला 'दातांची' हा शब्द उडवला.

"बाई, तो राहू द्या," कुंदाताई म्हणाल्या. "नुसती तार बरी नाय वाटत."

"दातांच्या डॉक्टरकडे दुसरी कसली तार येणार हो?"

इथे माझी अक्कल चरायला गेली, बघा. बरं, मेसेज नीट जातो का हे तपासायला पहिली पेशंट म्हणून मी माझंच नाव घातलं, आणि नंबर दिला सांगलीला असलेल्या माझ्या बाबांचा. माझ्या फोनवर मराठीचे नुसते चौकोन दिसायचे ना!

एके दिवशी आठ जणांच्या तारा एकदम आल्या. मी ऐटीत 'सर्वांना पाठवा' दाबलं.

त्यातला एक मेसेज गेला नरपडला, रिद्धीच्या आजोबांना. रिद्धी वापीला हॉस्टेलवर राहून शिकते. तिचे आईवडील लग्नाला बाहेरगावी गेलेले, घरी म्हातारा एकटा. आणि फोनवर काय? 'कु. रिद्धी हिची तार आली आहे. ताबडतोब दवाखान्यात यावे.'

आजोबांनी रिद्धीला फोन लावला. बंद. पुन्हा लावला, बंद. मग शेजारचे चौघे जण गोळा झाले, चिकूचा टेम्पो निघाला, तो थेट सरकारी दवाखान्यात. तिथल्या नर्सने मेसेजखालचा नंबर ओळखून त्यांना माझ्याकडे पाठवलं.

मी आत कोणाला तरी पडद्यावरची बत्तिशी फिरवून दाखवत होते. दारात आजोबा उभे, रिद्धीचा मेसेज उघडलेला फोन पुढे धरून. मागे चौघे, खाली मान घालून.

"कधी आली?" आजोबांनी विचारलं.

"आजच सकाळी. मुंबईहून."

"मुंबईला कशी गेली ती?"

"तिकडेच पाठवावं लागतं, आजोबा. इथे सोय नाही."

"आता कुठे ठेवलीय?"

"आत आहे, खोक्यात."

आजोबांनी दाराची चौकट धरली. "लय दुखलं काय तिला?"

"पहिले दोन दिवस दुखतं," मी हसत हसत म्हटलं, "मग सवय होते."

हो, हसत हसत. आजही आठवलं की मान खाली जाते.

कुंदाताई बाहेरून पाण्याचा तांब्या घेऊनच आल्या. त्यांनी एकदा म्हाताऱ्याचं तोंड पाहिलं, एकदा माझं. झटकन खण उघडला आणि वही काढली. रिद्धीच्या पानावर लिहिलं होतं : परीक्षेत फोन बंद, मैत्रीण हेतलला लावणे. त्यांनी नंबर फिरवला.

"हेतल, रिद्धीने फोन आप ने, बेटा." रिद्धीला फोन दे म्हणाल्या, गुजरातीत.

आणि फोन आजोबांच्या कानाला लावला. पलीकडून आवाज आला, "आजा, आताच सुटला पेपर. सोपा होता."

आजोबा मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. त्यांनी जन्मात एकच तार पाहिली होती. गोदीत कामाला असलेला त्यांचा थोरला भाऊ गेला, तेव्हाची.

मी हात जोडले. म्हटलं, चुकलं माझं. त्या माणसाने काय करावं? डोळे पुसले आणि म्हणाले, "डॉक्टरीणबाई, आता आणलीच आहे तर दाखवा तरी ती तार." दाखवली. पडद्यावर रिद्धीचे दातही हळूहळू सरळ होताना दाखवले. त्यांनी ते तीनदा पाहिलं. "पोरगी हसेल आता तोंडावर हात न ठेवता," म्हणाले, आणि जाताना टेम्पोतली चिकूची पाटी कुंदाताईंच्या टेबलावर ठेवून गेले. माझ्या नव्हे, कुंदाताईंच्या. बरोबरच होतं.

संध्याकाळी बाबांचा फोन.

"तुझी तार आली म्हणे?"

तुम्हाला सांगायचं राहिलं. माझे बाबा जन्मभर तार ऑफिसात होते. तार आली म्हटल्यावर घराघरांत काय होतं, हे ऐकत मी लहानाची मोठी झाले.

"घाबरलात का हो?" मी कसंबसं विचारलं.

"मी कशाला घाबरू? मजकुरावरूनच कळलं, पाठवणारा शिकाऊ आहे. अगं, आम्ही शब्द मोजून लिहायचो, पण कशाची आणि कोणाची, हे कधी कापलं नाही."

दुसऱ्या दिवशी मजकूर कुंदाताईंनी केला. 'आपल्या दातांची तार आली आहे. सवडीने या.' नंबरासकट चपखल बसला. मी पुन्हा ऐटीत 'सर्वांना पाठवा' दाबलं.

पाचच मिनिटांत सांगलीहून उत्तर आलं : 'मजकूर उत्तम. पण मला कवळी आहे.'