खुंटीला टांगलेला उजेड

जयसिंगपूरच्या स्टँडवरून सकाळी सहाची गाडी धरली तेव्हा पिशवीत एक मीटर, तार ठोकायच्या थोड्या पट्ट्या, दोन भाकऱ्या आणि एक कागद होता. मजकूर ऑफिसनं आधीच टाइप करून दिला होता: 'फायबरवरून रेडिओ लहरी नेण्याची पद्धत सदर ठिकाणी अयशस्वी. यंत्र काढून आणावे.' खाली फक्त माझी सही व्हायची होती. ते यंत्र कोल्हापुरातल्या एका नव्या हॉटेलच्या तळघरात बसवायचं ठरलं होतं. "मोजत बसू नका," साहेबांनी बजावलं होतं, "काढा आणि या." मी होय म्हणालो नव्हतो. मी घरी गॅसची टाकीसुद्धा वजन केल्याशिवाय आत घेत नाही.

दोन हजार सहा सालचं नवरात्र चालू होतं. कोल्हापूरचा स्टँड अंबाबाईला निघालेल्या अनवाणी बायकांनी भरला होता. गगनबावड्याची गाडी वीस मिनिटं उशिरा सुटली. कंडक्टरनं माझी पिशवी पायानं सरकवली.

"हळू. आत मीटर आहे," मी म्हणालो.

"कसला मीटर, पावणं?"

"उजेड मोजायचा."

"उजेड मोजाय गगनबावड्याला? आवो, तितं चार म्हैनं उजेडच नसतोय की!"

सगळी गाडी हसली. मीही हसलो. त्याचं म्हणणं पावसाळ्यापुरतं बरोबर होतं.

रंकाळा मागं पडला, तसा दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला. कळे गावापर्यंत माझ्या मोबाइलवर रेंजच्या चार दांड्या होत्या. असळजला दोन उरल्या. तिथं गाडी दहा मिनिटं थांबली. चहा घेतला, भजी घेतली, पहिलंच भजं तोंड भाजून गेलं. पुढं ऊस संपला आणि भात लागला. लोंब्या पिवळ्या पडू लागल्या होत्या, पंधरा दिवसांत कापणी. गगनबावड्याला उतरलो तर धुकं इतकं, की स्टँडवरची पाटी हात लावून वाचावी लागली.

आमच्या मोबाइल कंपनीचा टॉवर डोंगरमाथ्यावर आहे आणि ज्या वाडीसाठी हे यंत्र बसवलं, ती बरोबर त्याच्या पाठीमागच्या घळीत. रेडिओची लहर डोंगराला वळसा घालून खाली उतरत नाही. म्हणून मार्चमध्ये आम्ही टॉवरची लहर वरच्या पेटीत घेतली, लेसरच्या प्रकाशावर जशीच्या तशी चढवली आणि केसाएवढ्या काचेच्या तारेतून तीन किलोमीटर नऊशे मीटर खाली नेली. खालची पेटी ती लहर प्रकाशावरून उतरवून घेते आणि अँटेनातून वाडीवर सोडते. वाडीतलं बोलणं दुसऱ्या तारेनं तसंच वर जातं. सहा महिने हे बिनतक्रार चाललं. त्यातले चार महिने पावसाळ्याचे होते, हेही लक्षात घ्या. मग एकाएकी वाडीतले फोन बंद पडले, आणि साहेबांनी पद्धतच नापास केली.

वरच्या पेटीशी प्रकाश मोजला: मीटरवर अधिक तीन. काही बिघाड नाही. तिथून तारेच्या खांबांबरोबर पायवाट उतरते. शेवाळावरून दोनदा घसरलो. दुसऱ्यांदा भाकऱ्या चिखलात गेल्या, मीटर वाचला. दोन किलोमीटर चारशे मीटरवर जोडपेटी आहे. तिथं प्लग काढून मोजलं: दोन पूर्णांक एक. म्हणजे एवढ्या लांबीला पडायला हवी तेवढीच घट. उरलेला दीड किलोमीटर मी खांबन्‌खांब बघत गेलो. तार कुठं तुटलेली नाही, फांदी पडलेली नाही.

खालची पेटी एका म्हातारीच्या सोप्यात (घराच्या पुढच्या पडवीत) बसवली होती. वाडी तिला आक्का म्हणते. आक्का दारातच उभी होती. तिच्या मागं शेजारचा भैरू, पायाला पट्टी बांधून बसलेला.

"डबा न्ह्यायला आलासा न्हवं?" आक्कानं विचारलं.

"कुणी सांगितलं?"

"तुमच्या हापिसचा माणूस सांगून गेलाय. डबा न्ह्यायचा आसंल तर तसंच म्हागारी फिरा. पाणी पिऊन फिरा, पर फिरा."

"ह्यो पाय बघा," भैरू म्हणाला. "परवा भाताच्या बांधावर पान लागलं (साप चावला). फोन मेलेला. चौघांनी घोंगड्याच्या झोळीत घालून वर नेला मला. वर गेल्यावर जीप. डाक्टर म्हनला, आनी अर्धा तास लागला आसता तर बोलायचं काम नव्हतं. आता कापणी हाय. समदी वाडी भातात आसंल. मग काय करायचं, सांगा की."

मी म्हणालो, "फोन नक्की कधीपासून बंद आहे? तारीख सांगा."

"तारीख कुनाला ठावं! घट बसले त्या दिवशी लेकीला फोन लावाय गेले, तर लागंना. आदल्या दिवशी सकाळी बोलले होते."

आत जाऊन पेटीपाशी मोजलं. दीडच्या आसपास हवं होतं, आलं उणे साडेपाच. सात डेसिबल (घट मोजायचं माप) हरवले होते. या पद्धतीचा एक कडक नियम आहे: प्रकाशात जितकी घट, रेडिओत तिच्या दुप्पट. सातचे चौदा. वाडीला लहरीचा पंचविसावा हिस्सासुद्धा मिळत नव्हता.

"घट बसायच्या आदल्या दिवशी इथं काय केलंत?"

"काय म्हंजे? घर धुतलं. सगळीच धुत्यात."

मी मान वर केली. खुंटीवर आमची जादा तार होती. मार्चमध्ये मी ती मोठ्या सैल वेटोळ्यात लोंबती ठेवली होती. आता ती चार बोटांच्या घट्ट विळख्यात, मधोमध गाठ मारून, बैलाचा कासरा (दोर) ठेवतात तशी टांगलेली होती.

"हे तुम्ही बांधलं?"

"मग काय! मापटंभर आक्कल न्हाय तुम्हास्नी. वायर भिताडावर लोंबत सोडून गेलासा. धुवून निटनेटकी गुंडाळली."

काचेच्या तारेला असा तिढा पडला, की प्रकाश वळणावर बाहेर सांडतो. मीटर आक्काच्या हातात दिला आणि मी गाठ सोडायला लागलो.

"आकडा वाचत राहा. पुढं आडवी रेघ म्हणजे उणे."

"उणे साडेपाच," आक्का म्हणाली. एक विळखा सुटला. "उणे चार." आणखी दोन. "उणे एक... आगं बया, शून्य!" शेवटचा विळखा सोडला. "एक पूर्णांक चार."

प्लग परत पेटीला लावला. भैरूनं खिशातला फोन काढला आणि माझ्यापुढं धरला. तीन दांड्या.

आक्काला उपास होता. तरी मला तिनं नाचणीची भाकरी आणि खर्डा वाढला. तिथंच बसून मी ऑफिसचा मजकूर आडवा खोडला. 'गैरवापर' असं कारण लिहिलं असतं तर यंत्र काढायला साहेबांना तेवढंच पुरलं असतं, आणि ते खरंही नव्हतं. मार्चमध्ये माझ्याजवळच्या पट्ट्या संपल्या होत्या. वेटोळं भिंतीला पक्कं न करता मी खुंटीला अडकवलं, पुढच्या खेपेला करू म्हणालो, आणि पुढची खेप झालीच नाही. ज्या घरात दोर गुंडाळून ठेवायची शिस्त आहे, तिथं मी तार लोंबती सोडली. म्हणून लिहिलं: 'कारण: बसवणाऱ्याची हयगय. बसवणारा: मी. पद्धत उत्तीर्ण. एक दशांश डेसिबलचा हिशोब लागला नाही.' निघण्याआधी वेटोळं ताटाएवढं करून सहा पट्ट्यांनी भिंतीला ठोकलं.

"परत कोन डबा न्ह्याय आलं तर?" आक्कानं विचारलं.

"त्याला म्हणा, आधी मोज."

परतीच्या गाडीत चिखलाची पँट वाळत होती आणि गुडघा ठणकत होता. एका दिवसात मी सपाट उसातून डोंगराच्या पोटात जाऊन आलो, आणि मला कळलं ते एवढंच, की दूरच्या जागेला नापास करायला टेबल पुरतं, पास करायला चालत जावं लागतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कागद दोनदा वाचला. "स्वतःच्या हातानं स्वतःविरुद्ध लिहिलंत? याची नोंद होईल."

"व्हावी. आकडे तपासायचे असतील तर सकाळी सहाची गाडी आहे. पुढं चार किलोमीटर पायी. मीटर मी देतो."

नोंद झाली. साहेब अजून वाडीला गेलेले नाहीत. वाडीची कापणी उरकली, आणि पेटी आक्काच्या सोप्यातच आहे.